चाकणच्या गाडीला समोरचा ट्रक दिसतो कसा? आणि कधी कधी का दिसत नाही?

तळेगाव चौकातली कोंडी मागे पडते, पुणे-नाशिक महामार्गावर गाडीला जरा वेग मिळतो आणि नेमका तेव्हाच पुढचा ट्रक ब्रेक दाबतो. चालकाचा पाय हलायच्या आत डॅशबोर्डवर लाल खूण चमकते, बीप-बीप सुरू होतं आणि गाडी स्वतःहून वेग कमी करू लागते. ‘एडास’वाल्या गाड्या चालवणाऱ्यांना हे आता नवीन राहिलेलं नाही. एडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचं एकत्रित नाव. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही यंत्रणा घेऊन २०२१ मध्ये चाकणहून बाजारात उतरली. टाटाच्या पिंपरीत बनणाऱ्या हॅरियर आणि सफारीत ती २०२३ मध्ये आली.

तेव्हापासून समाजमाध्यमांवर दोन प्रकारच्या क्लिप फिरतात. एका प्रकारात गाडी स्वतः ब्रेक लावून धडक टाळते. दुसऱ्या प्रकारात चालू गाडीत चालक स्टिअरिंग सोडून मागे वळून गप्पा मारत बसलेला असतो, ‘गाडीला सगळं दिसतं’ या भरवशावर.

गाडीला सगळं दिसत नाही. काय दिसतं आणि काय सुटतं, हे कळायचं असेल तर तिच्या नाकाशी बसवलेला एक छोटा डबा समजून घ्यावा लागतो. पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये, गुळगुळीत प्लास्टिकच्या चौकोनामागे तो असतो. काही मॉडेल्समध्ये तर कंपनीच्या चिन्हामागेच लपवलेला असतो. तो म्हणजे रडार. आरशाजवळ, काचेमागे बसवलेला कॅमेरा ‘समोर काय आहे’ ते ओळखतो. रडार ‘ते किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतंय’ ते मोजतं. या दोन कामांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

हाक आणि पडसाद

सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यासमोर उभं राहून हाक मारली आणि पडसाद यायला ४ सेकंद लागले, तर कडा किती लांब? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ४ सेकंदांत तो १३६० मीटर फिरला. पण हे अंतर जाऊन-येऊन आहे, म्हणून कडा ६८० मीटरवर. रडारचं सगळं गणित मुळात एवढंच आहे. फक्त हाक आवाजाची नसते, रेडिओ लहरींची असते.

रडार हा शब्द ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ या शब्दांचा संक्षेप. अमेरिकी नौदलाने तो १९४० मध्ये वापरात आणला. मराठीत लिहून उलटा वाचला तरी तो रडारच राहतो, ‘रामाला भाला मारा’सारखा. जाऊन परत येणाऱ्या लहरीला हे नाव तसं शोभतं.

रिव्हर्स घेताना मागच्या बंपरमधून जे ‘पीं पीं’ ऐकू येतं, ते मात्र बहुतेक गाड्यांत रडार नसतं. ते सेन्सर खऱ्याखुऱ्या आवाजावर चालतात, फक्त तो आपल्या कानाला ऐकू न येण्याइतका उंच असतो. पार्किंगमधल्या भिंतीसाठी ते पुरतात, पण दीडशे मीटरवरच्या ट्रकसाठी त्यांचा उपयोग नाही.

रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. ट्रक १५० मीटरवर असेल तर लहर ३०० मीटर फिरून एका मायक्रोसेकंदात परत येते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. १५ सेंटिमीटरचा फरक ओळखायचा तर सेकंदाचा शंभर कोटीवा भाग मोजावा लागतो. इथे घड्याळ लावून बसणं परवडत नाही, म्हणून इंजिनिअरांनी वेळ मोजण्याचं काम सुरांवर सोपवलं.

सा-रे-ग-म ची युक्ती

जुनी रडार ठोका मारून थांबायची. लहरींचा एक झटका सोडायचा, पडसादाची वाट पाहायची. १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी विमानावर आपटून परत येतात हे दाखवलं आणि त्यातून ब्रिटनची युद्धकाळातली रडार साखळी उभी राहिली. त्याच्याही आधी, १९०४ मध्ये, क्रिस्टियान ह्युल्समायर या जर्मन तंत्रज्ञाने कोलोनमध्ये ऱ्हाईन नदीवरच्या बोटींची चाहूल लागताच घंटा वाजवणारं यंत्र दाखवलं होतं. त्याला अंतर मोजता येत नव्हतं आणि गिऱ्हाईकही मिळालं नाही.

गाडीतलं रडार थांबत नाही. ते ‘गात’ राहतं. कड्यासमोर उभं राहून सा-रे-ग-म असा सूर चढवत न्या. तुम्ही ‘ग’वर पोहोचलात तेव्हा कड्यावरून तुमचाच ‘सा’ परत येऊन कानावर पडतो. तुम्ही आत्ता गाताय तो सूर आणि कानावर येतोय तो सूर, यांच्यात दोन पायऱ्यांचं अंतर आहे. कडा आणखी लांब असता तर अंतर तीन-चार पायऱ्यांचं झालं असतं. म्हणजे वेळ न मोजता, फक्त दोन सुरांतला फरक ओळखून अंतर सांगता येतं.

गाडीतलं रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असाच चढता सूर सोडतं. त्याला इंजिनिअर ‘चर्प’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द पक्ष्याच्या चिवचिवाटासाठीचा. आकडे घालून पाहू. समजा एका चर्पमध्ये सूर ३० मायक्रोसेकंदांत ३०० मेगाहर्ट्झने चढतो, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला १० मेगाहर्ट्झ. ट्रक ७५ मीटरवर आहे. पडसाद अर्ध्या मायक्रोसेकंदाने येतो. तेवढ्यात रडारचा स्वतःचा सूर ५ मेगाहर्ट्झ पुढे गेलेला असतो. हा ५ मेगाहर्ट्झचा फरक मोजणं साध्या चिपला सहज जमतं. समोर एकाच वेळी ट्रक, टेम्पो आणि खांब असतील तर तीन वेगवेगळे फरक एकात एक मिसळून येतात आणि गणिती चाळणीतून ते वेगळे काढले जातात.

सूर जितका जास्त चढवाल तितकी दोन जवळच्या वस्तू वेगळ्या ओळखायची ताकद वाढते. पूर्ण १ गिगाहर्ट्झ वापरला तर १५ सेंटिमीटर.

हीच युक्ती गाडीपुरती नाही. कारखान्यांतल्या टाक्यांत तेल किंवा रसायन किती उरलंय हे झाकण न उघडता मोजणारी रडारही टाकीच्या छतावरून खाली असाच चढता सूर सोडतात. पिंपरी एमआयडीसीतली क्रोन मार्शल ही पातळी आणि प्रवाह मोजणारी यंत्रं बनवणारी कंपनी या धंद्यात जुनी आहे. टाकीतल्या रडारचं नशीब चांगलं. त्याच्यासमोर एकच पृष्ठभाग असतो आणि कुणी आडवं येत नाही.

जवळ येतंय की लांब जातंय?

चिंचवड स्टेशनावर उभं राहून न थांबता जाणारी एक्स्प्रेस ऐकली तर एक गोष्ट जाणवते. गाडी जवळ येताना हॉर्न चढा वाटतो, पुढे निघून गेली की एकदम उतरतो. १८४२ मध्ये ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान डॉपलर यांनी याची मांडणी केली, म्हणून हा डॉपलर परिणाम. रेडिओ लहरींनाही तो लागू आहे.

७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी असते. तुमची गाडी आणि पुढचा ट्रक यांच्यातलं अंतर दर ताशी १ किलोमीटरने घटत असेल, तर पडसाद सुमारे १४३ हर्ट्झने चढतो. ताशी ४० ने घटत असेल तर ५७०० हर्ट्झने. म्हणजे वेगाचं उत्तर अंतरातल्या बदलावरून अंदाजाने काढावं लागत नाही, ते थेट मोजून मिळतं. कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याला ट्रकचं चित्र मोठं होताना पाहत बसावं लागतं. वेगाच्या बाबतीत रडार उजवं आहे ते इथे.

या दोन आकड्यांवरून निर्णय होतो. गाडी ताशी ८० ने चालली आहे आणि ट्रक ६० मीटरवर ताशी ४० ने पुढे जातोय. अंतर ताशी ४० ने घटतंय, म्हणजे धडकेला साधारण ५.४ सेकंद आहेत. चालकाकडे भरपूर वेळ आहे, यंत्रणा गप्प राहते किंवा फक्त इशारा देते. तोच ट्रक उभा असेल तर हाती फक्त २.७ सेकंद उरतात. आधी बीप, मग हलका ब्रेक, मग पूर्ण ब्रेक, हे सगळं एवढ्यात बसवायचं.

आणि नेमकं या दुसऱ्या प्रसंगातच रडार अडखळतं.

उभा ट्रक आणि बाकीचं उभं जग

चाकण-तळेगाव रस्त्यावर संध्याकाळनंतर गेलेल्या माणसाला उभा ट्रक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कारखान्याच्या गेटची वेळ होईपर्यंत, चहासाठी, पंक्चरसाठी, कधी मागचा दिवा न लावता, अर्धा रस्त्यात आणि अर्धा मातीवर. ट्रक हा लोखंडाचा डोंगर. रडारला तो दिसत नाही असं नाही, तो ठळक दिसतो. अडचण ही की त्याच्याबरोबर इतरही बरंच काही तितकंच ठळक दिसतं.

ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीच्या रडारला रस्त्याकडेचा खांब, दुभाजकाचं लोखंडी कठडं, दिशादर्शक फलकाची कमान, गटाराचं लोखंडी झाकण आणि उभा ट्रक, सगळेच ताशी ८० च्या आसपासच्या वेगाने अंगावर येताना दिसतात. स्थिर जग एकाच वेगाने जवळ येतं. ताशी ४० ने जाणारा ट्रक मात्र या गर्दीतून वेगळा उठून दिसतो, कारण त्याचा डॉपलर वेगळा. डॉपलरमुळे रडारला चालती वस्तू ओळखणं सोपं जातं आणि त्याच डॉपलरमुळे उभी वस्तू गर्दीत हरवते.

मग दिशा पाहून ठरवावं, कठडं डावीकडे आहे आणि ट्रक समोर? रडारची दुसरी मर्यादा इथेच येते. दिशा कळण्यासाठी डब्यात एकमेकांपासून सुमारे २ मिलिमीटरवर अनेक छोटे अँटेना बसवलेले असतात. पडसाद डावीकडून आला तर डाव्या अँटेनाला तो केसभर आधी पोहोचतो, आणि त्यावरून कोन निघतो. पण डबा तळहाताएवढा असल्याने ही नजर बारीक नसते. दोन वस्तूंत २ अंशांचं अंतर असेल तरच त्या वेगळ्या दिसतात असं धरलं, तर १०० मीटरवर २ अंश म्हणजे सुमारे साडेतीन मीटर. आपल्या महामार्गांवर एका लेनची रुंदी साडेतीन मीटरच असते. म्हणजे शंभर मीटरवर लेनमधला ट्रक आणि लेनबाहेरचा खांब यांची गल्लत व्हायला वाव राहतो. अनेक गाड्यांतल्या रडारची नजर याहूनही जाड असते.

उंचीचं तर विचारूच नये. साधं रडार आडवा कोन बरा मोजतं, उभा कोन जेमतेम. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पिंपरी ते दापोडी मेट्रोचा पूल डोक्यावरून धावतो, नाशिक फाट्याला उड्डाणपुलावर उड्डाणपूल आहे. लांबून पाहणाऱ्या रडारला ‘समोर मोठी स्थिर वस्तू’ एवढंच कळलं, तर ती रस्त्यावर आहे की रस्त्याच्या वर, हे कसं ठरवणार?

प्रत्येक स्थिर पडसादाला ब्रेक लावला तर गाडी प्रत्येक कमानीखाली आणि प्रत्येक वळणावरच्या कठड्यासमोर थांबेल. आपल्याकडे मागची गाडी दोन हातांवर चिकटलेली असते. विनाकारण लागलेला ब्रेक म्हणजे मागून धडक. म्हणून सुरुवातीच्या काळातल्या यंत्रणा स्थिर पडसाद सरळ टाकून द्यायच्या, फक्त चालत्या वाहनांकडे लक्ष द्यायच्या. आजच्या गाड्यांत रडारने ‘समोर काहीतरी उभं आहे’ म्हटल्यावर कॅमेऱ्याला विचारलं जातं की ते वाहनाच्या मागच्या बाजूसारखं दिसतंय का. दोघांचं एकमत झालं की ब्रेक लागतो. पण रात्र, मागचा दिवा बंद, ट्रक तिरका उभा, मागे ताडपत्री लोंबतेय, अशा वेळी कॅमेराही गोंधळतो. गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक कुणी वाचत नाही, पण त्यात उभ्या वाहनांबद्दल इशारा बहुतेक वेळा छापलेला असतो. ही यंत्रणेतली बिघाडाची खूण नाही. चुकीचा ब्रेक आणि सुटलेला ब्रेक यांच्यातून कंपनीने ठरवून केलेली ती निवड आहे.

दुचाकी, सळया आणि चिखल

पडसाद किती मोठा येणार, हे वस्तूच्या आकारापेक्षा ती लहर परत पाठवते किती यावर ठरतं. सपाट लोखंडी पत्रा समोरासमोर असेल तर आरशासारखा चमकतो, तिरका असेल तर लहर भलतीकडे फेकतो. दोन-तीन पत्रे काटकोनात मिळून बनलेला कोपरा मात्र कुठल्याही बाजूने आलेली लहर आल्या दिशेने परत पाठवतो. ट्रकच्या मागच्या सांगाड्यात असे कोपरे भरपूर. माणूस हा बहुतांशी पाण्याचा, गोलसर, आणि त्याच्याकडून येणारा पडसाद कारच्या तुलनेत दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी.

त्यात अंतराचा फटका बसतो. लहर जाताना पसरते, येतानाही पसरते. अंतर दुप्पट झालं की पडसाद निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणून ट्रकशेजारून जाणारी दुचाकी लांबून ट्रकच्या पडसादात बुडून जाऊ शकते, मोठ्या लाऊडस्पीकरशेजारी कुजबुज करावी तशी. देशातल्या रस्ते अपघातांत २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. शिफ्ट सुटल्यावर भोसरी ते चाकण पट्ट्यातला रस्ता पाहिला, तर इथल्या गाडीच्या रडारसमोर कुठलं काम आहे ते लगेच लक्षात येतं.

दुचाकी चालती असेल तर डॉपलर तिच्या मदतीला येतो. शेजारच्या ट्रकपेक्षा तिचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरनेही वेगळा असला, तरी चांगलं रडार तिला वेगळी काढतं. दोघं एकाच वेगाने चाललेत तेव्हा अवघड.

सळयांच्या ट्रकचा प्रश्न याहून वाईट. मागे दीड-दोन मीटर बाहेर आलेल्या सळया टोकाकडून पाहिल्या तर रडारला जवळजवळ काहीच परत देत नाहीत. त्याला दिसतो तो ट्रकचा मागचा फळका, म्हणजे मोजलेलं अंतर सळयांच्या टोकापेक्षा तितकंच जास्त. कॅमेऱ्यालाही रात्री ती टोकं म्हणजे चार ठिपके. उसाच्या ट्रॉलीचंही काहीसं असंच, फरक इतकाच की ओला ऊस थोडाफार पडसाद देतो.

पावसाबाबत रडारची कीर्ती चांगली आहे आणि ती बरीचशी खरी आहे. धुकं, अंधार, समोरून येणारा हेडलाइटचा झोत यांनी कॅमेरा आंधळा होतो, रडार नाही. मुसळधार पावसात मात्र ४ मिलिमीटरची लहर आणि १ ते ५ मिलिमीटरचे थेंब एकाच मापाचे पडतात, त्यामुळे लहर काही प्रमाणात विखुरते. हवामान खात्याचं कुलाब्याचं रडार म्हणूनच सुमारे १० सेंटिमीटरची लांब लहर वापरतं, ती पावसाच्या पडद्यातून पलीकडे जाते. उलट पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने वाईजवळ मांढरदेवला बसवलेलं ढगांचं रडार मुद्दाम मिलिमीटरची लहर वापरतं, कारण त्यांना ढगातले बारीक थेंबच पाहायचे असतात. गाडीला जो त्रास, तेच ढगवाल्यांचं काम.

पावसापेक्षा गाडीच्या रडारला खरा त्रास चिखलाचा. हवेतल्या थेंबांपेक्षा रडारच्या झाकणावर बसलेला ओल्या चिखलाचा थर जास्त लहर गिळतो. एमआयडीसीच्या खोदलेल्या रस्त्यावरून जुलैत दोन फेऱ्या मारल्या की डॅशबोर्डवर ‘रडार झाकलं गेलंय’ असा निरोप येतो. तो आला की गाडी पुसायची, एवढाच त्याचा अर्थ.

कोलकात्याहून चाकणपर्यंत

मिलिमीटर लहरींशी भारताचं नातं गाड्यांपेक्षा बरंच जुनं आहे. १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांवर प्रयोग करत होते. लहर एका दिशेने सोडणारा शिंगाच्या आकाराचा अँटेना आणि ती पकडणारा स्फटिकाचा शोधक, हे दोन्ही त्यांनी वापरलं. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणं दाखवली. त्या काळी जगाला लांब पल्ल्याची तारायंत्रं हवी होती, इतक्या आखूड लहरींचं करायचं काय हे कुणाला कळेना. आज त्याच मापाची लहर गाडीच्या बंपरमधून निघते.

गाड्यांमध्ये ७७ गिगाहर्ट्झचं रडार १९९९ च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालणं एवढंच तेव्हा त्याचं काम. मर्सिडीजने भारतात पहिल्या गाड्या जुळवल्या त्या १९९५ मध्ये, पिंपरीत टेल्कोच्या आवारात. २००९ मध्ये ती स्वतःच्या चाकणच्या कारखान्यात गेली. पण रडार लगेच आलं नाही. रेडिओ लहरींचा कुठलाही पट्टा वापरायचा तर सरकारची परवानगी लागते, आणि प्रत्येक कारमालकाला रेडिओ केंद्रासारखा परवाना काढायला लावणं शक्य नव्हतं. केंद्र सरकारने ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या गाडी-रडारसाठी परवानामुक्त केल्यावर वाट मोकळी झाली. चाकणला जुळवलेल्या एस-क्लासमध्ये २०१८ साली रडारवर चालणारी मदत मिळू लागली. तीन वर्षांनी महिंद्राने तीच गोष्ट कितीतरी स्वस्त गाडीत आणली.

एक अंश म्हणजे अर्धी लेन

गाडी तयार झाली की कारखान्यात तिचं रडार नेमकं सरळ बसलंय का हे तपासलं जातं. समोर ठरलेल्या जागी धातूचा तीन पत्र्यांचा कोपरा ठेवतात, त्याचा पडसाद कुठून येतो ते पाहतात आणि डब्याचा कोन जुळवतात. ही काटेकोर जुळणी का लागते? रडार १ अंशाने जरी वळलेलं असेल तरी १०० मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर सरकते. म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधला टेम्पो आपल्या लेनमध्ये वाटू शकतो आणि आपल्या लेनमधला शेजारच्या.

विकत घेतलेल्या गाडीचं खरं दुखणं इथून सुरू होतं. पार्किंगमध्ये बंपर हलका घासला, गॅरेजवाल्याने तो काढून ठोकून रंगवून परत लावला. बाहेरून गाडी नवीकोरी. आत रडारची पट्टी केसभर वाकलेली. किंवा झाकणावर धातूचे कण असलेला चकचकीत रंग मारला, जो लहर अडवतो. किंवा हौसेने समोर लोखंडी गार्ड बसवला. असे गार्ड बसवणं बेकायदा आहे, याची आठवण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना करून दिली होती. कारण पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्यांच्या जिवाचं होतं, पण रडारच्या तोंडासमोर लोखंडी नळ्या हाही एक प्रश्नच. झाकणावरचं स्टिकर, मोठ्या अक्षरांची पत्र्याची पाटी, दसऱ्याला बांधलेला झेंडूचा ओला हार, यांचाही परिणाम कमी-जास्त होतो. हार संध्याकाळी काढता येतो. बंपर बदलला, पुढची काच बदलली किंवा समोरून ठोकर बसली, तर सर्व्हिस सेंटरमध्ये रडार आणि कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. बिलात ही ओळ वेगळी दिसते का, ते बघावं.

अशा यंत्रणा तपासायच्या कशा, हाही एक धंदा पुण्याभोवती उभा राहतोय. १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआयचं, म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरच्या वाहन संशोधन संस्थेचं, एक केंद्र चाकणला आहे. मावळातल्या टाकवे इथे एडास चाचण्यांसाठी वेगळा ट्रॅक उभारायचं कामही तिने हाती घेतलं. अशा ट्रॅकवर धडकेसाठी खरी गाडी ठेवत नाहीत. फोम आणि कापडाची खोटी गाडी असते. तिच्यात लहर परत पाठवणारं साहित्य असं बसवलेलं असतं की रडारला ती खऱ्या गाडीसारखीच वाटावी आणि ब्रेक लागला नाही तर नुसती विखरून पडावी. युरोपात अशा खोट्या गाडीबरोबर पादचारी, सायकलस्वार आणि मोटरसायकलस्वार यांच्या बाहुल्या असतात. आपल्या रस्त्यावरची तीन माणसं बसलेली स्कूटर, दिवा नसलेली ट्रॉली किंवा विरुद्ध दिशेने कडेकडेने येणारी रिक्षा हे वेगळे धडे आहेत. रडारच्या सॉफ्टवेअरला ते इथल्या रस्त्यांवर फिरवूनच शिकवावे लागतात.

पुढची पायरी उंचीही मोजणाऱ्या रडारची आहे. अँटेना आडव्या ओळीबरोबर उभ्या ओळीतही मांडले आणि त्यांची संख्या बरीच वाढवली, की पूल डोक्यावर आहे आणि ट्रक रस्त्यावर आहे हे रडारला स्वतःच कळू लागतं, कॅमेऱ्याला विचारावं लागत नाही. अशी रडार महागड्या गाड्यांत दिसू लागली आहेत.

आतापर्यंत ट्रक ही रडारने पाहायची वस्तू होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात बस, चालक सोडून आठपेक्षा जास्त आसनांची प्रवासी वाहनं आणि मालवाहू ट्रक यांनाही स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक सक्तीचा करण्याचा प्रस्ताव आहे. तसं झालं तर चाकणच्या गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या ट्रकच्याही नाकाशी हाच डबा बसेल. त्यासाठी गणित नव्याने मांडावं लागेल, कारण भरलेल्या ट्रकला थांबायला कारपेक्षा बरंच जास्त अंतर लागतं, म्हणजे उभी वस्तू त्याला आणखी लांबून आणि आणखी खात्रीने ओळखावी लागेल. आणि ट्रकच्या बंपरवर कारपेक्षा चिखलही जास्त बसतो.